पोपट टाका म्हणणारे साहेब

रावेरहून एका विद्यार्थ्याने विचारलंय: "सर, मी केळी कापणाऱ्या मजुरांवर चार मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करतोय. गावातले एक केळीचे व्यापारी काका खर्च देताहेत. ॲनिमॅटिक, म्हणजे फिल्मचं चित्रांतलं कच्चं रूप, बघून ते म्हणाले, शेवट आनंदी कर. मोठ्या स्टुडिओतही असंच चालतं का? वरचे लोक पिक्चर सुधरवतात की बिघडवतात?"

हो, असंच चालतं. फरक एवढाच, की तू काकांच्या घरी जाऊन चहा पिता पिता त्यांना समजावू शकतोस. मोठ्या स्टुडिओत साहेब आणि चित्रकार यांच्यामध्ये पाच माणसं आणि एक ई-मेल असतो. सुधरवतात की बिघडवतात, हे मात्र एका शब्दात सांगता येणार नाही. मी बावीस वर्षं या धंद्यात आहे. त्यातली सोळा मुंबईत गेली, आता जळगावला बसून स्टोरीबोर्ड, म्हणजे पिक्चरची चित्रांतली आखणी, करतो आणि पोरांना शिकवतो. वरून आलेल्या सूचनांबद्दल माझं एक मत या काळात पक्कं झालंय: साहेबांची तक्रार बहुतेक वेळा खरी असते आणि त्यांनी सुचवलेलं औषध बहुतेक वेळा चुकीचं असतं. पेशंट म्हणतो पोटात दुखतंय, तिथे विश्वास ठेवायचा. तो म्हणतो अमुकच गोळी द्या, तिथे मान डोलवायची आणि नाडी आपण बघायची.

आधी हे समजून घे की ॲनिमेशनमध्येच वरच्यांचा हात एवढा आतपर्यंत का जातो. साध्या सिनेमाचं शूटिंग एकदा उरकलं की साहेब कितीही ओरडले तरी जे चित्रित झालंय त्यातूनच निवडावं लागतं. आपल्याकडे चित्रित काहीच नसतं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ८० मिनिटांच्या पिक्चरला १,१५,२०० फ्रेम, आणि त्यातली प्रत्येक कोणीतरी बसून घडवायची. एवढी मेहनत वाया जाऊ नये म्हणून आधी सगळा पिक्चर पेन्सिलच्या चित्रांत मांडतात, ऑफिसातल्याच कोणाच्या तरी आवाजात संवाद भरतात, कुठूनतरी उसनं संगीत लावतात आणि बघतात. तेच स्टोरी रील, तेच आपलं ॲनिमॅटिक. मोठ्या पिक्चरचं असं रील पाच-सात वेळा तरी मोडून जोडलं जातं आणि दर वेळी वरचे लोक खुर्च्यांवर येऊन बसतात. कच्च्या रेघोट्यांवरून पक्कं चित्र डोळ्यांपुढे आणणं ही सवयीची गोष्ट आहे, ती सगळ्यांना जमत नाही. ज्याच्या हातात पैसा, त्याला तर क्वचितच.

आपल्याकडचं सगळ्यात जुनं उदाहरण फाळक्यांचं. १९१२ साली लंडनहून परतल्यावर त्यांना सिनेमासाठी पैसा उभा करायचा होता आणि सिनेमा ही काय चीज आहे हे देणाऱ्यांना कळेना. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्यावर कॅमेरा रोखला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटून वेल वर चढताना दिसली. 'अंकुराची वाढ' नावाची ती छोटी फिल्म बघून यशवंतराव नाडकर्णी वगैरे मंडळी कर्ज द्यायला तयार झाली. पैसेवाल्याला गोष्ट सांगून भागत नाही, वेल चढताना दाखवावी लागते, हे फाळक्यांनी ॲनिमॅटिक हा शब्द जन्माला येण्याआधीच ओळखलं होतं.

दुसरीकडे मालक स्वतःच कलाकार असला म्हणजे त्रास नसतो, असंही नाही. वॉल्ट डिस्ने ज्या कोंदट खोलीत पेन्सिल टेस्ट, म्हणजे पेन्सिलच्या चित्रांची कच्ची हालचाल, बघायचे तिला कामगारांनी स्वेटबॉक्स नाव पाडलं होतं, म्हणजे घाम फोडणारी पेटी. वॉर्ड किंबॉल या ॲनिमेटरने 'स्नो व्हाइट'साठी बुटके सूप पितात तो प्रसंग कित्येक महिने खपून काढला. १९३७ साली पिक्चर येण्याआधी वॉल्टनी तो काढून टाकला, कारण गोष्ट तिथे अडून बसत होती. आज तो प्रसंग वेगळा बघायला मिळतो. मजेशीर आहे. पण खरंच अडतो. मालकाचं बरोबर होतं आणि किंबॉलचे महिने गेले ते गेलेच. पुढच्या पिक्चरमध्ये त्याला जिमिनी क्रिकेट हे चांगलं पात्र मिळालं, एवढीच भरपाई.

आता तुझ्या प्रश्नाचा खरा नमुना म्हणजे जेफ्री कॅट्झेनबर्ग. १९८४ साली मायकेल आयझनर डिस्नेचे प्रमुख झाले, त्यांनी पॅरामाउंटमधून या माणसाला सोबत आणलं आणि स्टुडिओ त्याच्या हाती दिला. ॲनिमेशनचा अनुभव शून्य. आल्या आल्या त्याच्यापुढे 'द ब्लॅक कॉल्ड्रन' हा जवळजवळ पूर्ण झालेला पिक्चर आला. काही प्रसंग लहान मुलांना भीतीदायक वाटले, म्हणून तो म्हणाला, कापा. निर्माते जो हेल यांनी समजावलं की बाबा, इथे कापाकापी आधी कागदावर होते, रंगवून झालेलं फ्रेमन् फ्रेम हिशोबात असतं. हा ऐकेना, स्वतः एडिटिंगच्या खोलीत जाऊन बसला. शेवटी आयझनरनी मध्ये पडून त्याला थांबवलं. तरीही सुमारे बारा मिनिटं गेली आणि १९८४ च्या नाताळात यायचा पिक्चर १९८५ च्या जुलैमध्ये आला. खर्च सुमारे ४.४ कोटी डॉलर, अमेरिकेतली कमाई सुमारे २.१ कोटी. बघताना कळतं, मध्येच दात पडल्यासारखं संगीत तुटतं.

इथे थांबलो तर साहेब म्हणजे खलनायक, आणि तुला तेच ऐकायचं असेल. पण पुढे ऐक.

१९८९ चा 'द लिटल मर्मेड' तयार होत असताना कच्च्या चित्रांवरच एक चाचणी खेळ झाला. नायिकेचं पहिलं मोठं गाणं सुरू झालं आणि मुलं चुळबुळायला लागली, एका पोराचे पॉपकॉर्न सांडले. कॅट्झेनबर्ग म्हणाला, गाणं काढा. गीतकार हॉवर्ड ॲशमन, दिग्दर्शक जॉन मस्कर आणि रॉन क्लेमेंट्स, ॲनिमेटर ग्लेन कीन असे सगळे त्याच्याशी भांडले. त्या एका गाण्यातच पोरीला काय हवंय हे कळतं. ते गेलं तर पुढचा सगळा पिक्चर कशासाठी? गाणं राहिलं, चित्रं आणखी पक्की झाल्यावर पुन्हा खेळ केला आणि मुलं गप्प बसून बघत राहिली. म्हणजे चुळबूळ खरी होती. आजार गाण्यात नव्हता, अर्धवट रेघांत होता.

मग १९९१ चा एप्रिल. 'अल्लादिन'चं रील बघून त्याच माणसाने जवळजवळ सगळं नापास केलं. अल्लादिनची आई काढा, गोष्ट नव्याने बांधा आणि प्रदर्शनाची तारीख, नोव्हेंबर १९९२, तीच राहील. स्टुडिओत त्या दिवसाला काळा शुक्रवार म्हणतात. आईबरोबर आईसाठी लिहिलेलं एक सुंदर गाणंही गेलं. ते २०१४ साली ब्रॉडवेच्या रंगभूमीवर परत आलं. मला वैयक्तिक ते गाणं फार आवडतं, तरी सांगतो, पिक्चरला आई नको होती. पोर अनाथ झाल्यावरच त्याच्या खोटं बोलण्याला भूक आली. त्या वर्षी जगभरात सगळ्यात जास्त कमाई त्याच पिक्चरने केली. साहेब बरोबर होते. तारीख न हलवण्याची किंमत मात्र साहेबांनी भरली नाही, ती रात्री जागणाऱ्यांनी भरली.

आणि आता तिसरा किस्सा, माझ्या दृष्टीने सगळ्यात शिकवणारा. 'टॉय स्टोरी'च्या वेळी पिक्सार ही छोटी कंपनी होती, पैसा डिस्नेचा. कॅट्झेनबर्गच्या सूचना सतत यायच्या: धार आणा, मोठ्या माणसांनाही बघावंसं वाटू दे, पात्रं टोचरी करा. पोरं नवीन, समोर एवढा मोठा माणूस. त्यांनी प्रत्येक सूचना मनापासून पाळली. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी रील दाखवलं तेव्हा वुडी हा बाहुला इतका खडूस झाला होता की त्याच्या जवळ कोणी बसू नये. काम तिथल्या तिथे थांबवण्यात आलं. साहेबांनाच ते आवडलं नाही, जे त्यांच्याच सूचनांनी झालं होतं! डिस्नेतल्याच थॉमस शूमाखरनी त्याचं कारण कॅट्झेनबर्गला तोंडावर सांगितलं, की हा पिक्चर आता त्या पोरांचा राहिलेलाच नाही. पिक्सारवाल्यांनी थोडी मुदत मागून घेतली, सूचना बाजूला ठेवून आपल्याला पटेल तशी गोष्ट पुन्हा मांडली. १९९५ च्या नोव्हेंबरात जो पिक्चर आला तो तू पाहिलाच आहेस.

आता बघ, माणूस एकच आहे. एका पिक्चरमध्ये त्याने नुसती कात्री चालवली आणि नासाडी झाली. एकात लोक भांडले आणि वाचले. एकात तो बरोबर निघाला. एकात लोकांनी त्याचं तंतोतंत ऐकलं आणि बुडता बुडता राहिले. म्हणून साहेब चांगला की वाईट असं विचारण्यापेक्षा सूचना कोणत्या टप्प्यावर आली आणि खाली बसलेल्याने तिचं काय केलं, हे विचारलं तर काहीतरी हाती लागतं.

धरणगाव तालुक्यात माझ्या आईच्या घरी ओट्याची एक भिंत चुन्याने रंगवून ठेवलीय. विद्यार्थ्यांची रीलं मी तिथे लावतो. संध्याकाळी शाळा सुटलेली पंधरावीस पोरं जमतात, आई प्रत्येकाच्या ओंजळीत भाजलेल्या शेंगा देते. मी भिंतीकडे पाठ करून बसतो, तोंड पोरांकडे. रील चांगलं चाललं असेल तर शेंगा हातातच राहतात. ढिलं पडलं की टरफल फुटल्याचा एक आवाज येतो, मग दुसरा, मग सगळा ओटा कडकडायला लागतो. मी घड्याळात बघून सेकंद लिहून घेतो. पोरं काय म्हणाली ते लिहीत नाही. कारण विचारलं तर पोरं सांगतात, "मारामारी टाका." साहेबही तेच सांगतात, फक्त एसीत बसून.

पोपटाची गोष्ट सांगतो. मुंबईत असताना आम्ही एका चॅनलसाठी तासाभराची फिल्म करत होतो. चॅनलचं नाव राहू दे. नात आणि आजी. आजीचं डिझाइन मी केलं होतं, हुबेहूब माझी आजी: नऊवारीचा ओचा खोचलेला, दातांना मिश्री, बोलताना मान एका बाजूला. पहाटे आजी जात्यावर दळतेय, ओवी म्हणतेय, नात उठून डोळे चोळत जवळ येते, असा एक मिनिट पन्नास सेकंदांचा प्रसंग. आमच्या दिग्दर्शकाचा आणि माझा जीव त्यात. चॅनलच्या साहेबांनी तो लॅपटॉपवर बघितला, मध्ये दोनदा फोन उचलला आणि म्हणाले, "बहुत स्लो है यार. दादी के साथ एक तोता डालो. बोलनेवाला."

आम्ही पेटलो. संस्कृती, ओवी, बहिणाबाई, सगळं काढलं. त्यांचं 'अरे संसार संसार' वाचून दाखवायचंच काय ते बाकी राहिलं होतं. तीन मीटिंगा झाल्या, तिन्हीत हरलो. पोपट आला. तोवर त्या प्रसंगाचे चौदा शॉट क्लीन-अपपर्यंत, म्हणजे कच्च्या रेघा पक्क्या करण्यापर्यंत, गेले होते, ते सगळे उघडले. सहा जण, अकरा दिवस. आमच्याकडे पैसे सेकंदाच्या हिशोबाने मिळायचे आणि रिटेकचे, म्हणजे पुन्हा केलेल्या कामाचे, मिळत नसत. भडगावकडचा एक इनबिटविनर, म्हणजे मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणारा, होता, दिवाळीला घरी जायचं तिकीट त्याने रद्द केलं, पोपटाचे पंख काढत बसला. फिल्म लागली, कोणाच्या लक्षात राहिली नाही. पोपट तर नाहीच.

पुढची सात-आठ वर्षं मी हा किस्सा साहेब लोक किती मूर्ख असतात याचा पुरावा म्हणून सांगत होतो. मग एकदा ओट्यावर, पोपट घालण्याआधीचं जुनं ॲनिमॅटिक जुन्या हार्ड डिस्कमध्ये सापडलं म्हणून हौसेने लावलं. पंचविसाव्या सेकंदाला शेंगा फुटायला लागल्या. भाचा म्हणाला, "मामा, आजी काय करी ऱ्हायनी, तेच समजनं नही."

जातं त्याने बघितलंच नव्हतं, ते एक. पण खरी गोष्ट वेगळी होती. आमच्या मूळ स्टोरीबोर्डमध्ये त्या प्रसंगाच्या सुरुवातीला सहा सेकंदांचा एक शॉट होता: आजी पिठाचा डबा उघडते, डबा रिकामा, ती दाराबाहेर अंधाराकडे बघते. त्या दिवशी नातीचा बाप परगावाहून यायचा असतो आणि घरात भाकरीपुरतं पीठ नसतं. म्हणून पहाटेचं दळण. ते सहा सेकंद लांबी वाचवायला आम्हीच उडवले होते. शॉट गेला तशी आजीची घाईही गेली आणि उरलं ते नुसतं गोल फिरणारं जातं. साहेबांना स्लो वाटलं ते अगदी बरोबर वाटलं. त्यांनी औषध पोपटाचं दिलं, आणि आम्ही पोपटाशी भांडण्यात इतके रंगलो की दुखतंय कुठे हे कोणी बघितलंच नाही. तीन मीटिंगांत एकदाही आमच्यापैकी कोणी विचारलं नाही, "साहेब, नेमकं कुठे कंटाळलात?"

आता तुला एक-दोन गोष्टी घाईत सांगतो. वरच्यांचा हात फक्त सूचनांत नसतो. 'द आयर्न जायंट'च्या वेळी वॉर्नर ब्रदर्सनी दिग्दर्शक ब्रॅड बर्डला बऱ्यापैकी मोकळं सोडलं, पिक्चर अप्रतिम झाला, आणि १९९९ च्या ऑगस्टमध्ये जेमतेम जाहिरात करून लावला. पडला. उलट रिचर्ड विल्यम्ससारखा अफाट कारागीर 'द थीफ अँड द कॉबलर'वर १९६४ पासून काम करत राहिला, डोक्यावर म्हणावं असं कोणी नव्हतं. पुढे मोठा पैसा आला, मुदत उलटली आणि १९९२ साली पिक्चर त्याच्या हातातून काढून घेऊन दुसऱ्यांनी कसाबसा पुरा केला. मला तो माणूस देवासारखा आहे, पण वीस वर्षं आधी कोणीतरी त्याला "पुरे" म्हणायला हवं होतं.

आणि भांडायचंच असेल तर जपानी पद्धतीने भांड. जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या 'नौसिका'ची १९८५ साली अमेरिकेत भयंकर कापाकापी झाली होती. त्यामुळे पुढे 'प्रिन्सेस मोनोनोके' तिकडे द्यायची वेळ आली तेव्हा निर्माते तोशिओ सुझुकी यांनी वितरक हार्वी वाइनस्टीन यांना एक जपानी तलवार भेट दिली, सोबत एवढाच निरोप: काटछाट नाही. पिक्चर अखंड लागला. यात लक्षात ठेवायची गोष्ट तलवार नव्हे. तलवार पाठवून भांडण अंगावर घेतलं ते निर्मात्याने. दिग्दर्शकाच्या वतीने बोलणारा असा एक माणूस मिळाला तर सोडू नकोस. आपल्याकडे बहुतेक काम बाहेरदेशीचं असतं, तिथे असा माणूसच नसतो. सकाळी ऑफिसात आलं की एक्सेलची शीट उघडायची: शॉट ४२, फ्रेम ११८, डोळे मेलेले वाटतात. कोणी लिहिलं, का लिहिलं, पत्ता नाही. आपण बुबुळं दोन पिक्सेल वर सरकवायची.

आता तुझं ॲनिमॅटिक. मी दोनदा बघितलं. खांद्यावर घड घेऊन मजूर सरीतून चालतो तो भाग झकास आहे. घड टेकवताना तो गुडघ्यात आधी वाकतो, हे तू बागेत बघितलेलं दिसतं. व्यापाऱ्याचा सोन्याचा दात थोडा जास्त झालाय, आणि खर्च देणारे काका स्वतः व्यापारी आहेत हे विसरू नकोस. पण त्यावर ते काही बोललेले नाहीत, म्हणजे माणूस मोठ्या मनाचा आहे. मला अडचण शेवटच्या चाळीस सेकंदांत वाटली. ट्रक निघून जातो, कॅमेरा रिकाम्या बागेवरून फिरतो, मजूर पाठमोरा. त्याला मजुरी मिळाली की नाही हे मला दुसऱ्यांदा बघूनही कळलं नाही. काका "आनंदी कर" म्हणताहेत त्याचा अर्थ "मला शेवट कळला नाही" असाही असू शकतो. लोक न कळलेल्या गोष्टीला उदास म्हणतात, हे मी पुष्कळदा बघितलंय.

तेव्हा काकांना पुन्हा एकदा दाखव. समोर बस, स्क्रीनकडे बघू नकोस, त्यांच्याकडे बघ. कोणत्या सेकंदाला ते फोनकडे बघतात, कुठे खुर्चीत हलतात, लिहून घे. संपल्यावर काय बदलू असं विचारू नकोस, त्या मजुराचं पुढे काय झालं असं विचार. त्यांनी नीट सांगितलं आणि तरीही शेवट त्यांना टोचत असेल, तर तो टोचायलाच हवा असं त्यांना सरळ सांग, आणि त्या बदल्यात दुसरं काहीतरी त्यांच्यावर सोड. संगीत, पोस्टर, श्रेयनामावलीत त्यांच्या वडिलांचं नाव, जे काही असेल ते. सांगताच आलं नाही, तर मजुराच्या हातातल्या नोटांचा एक शॉट टाक. पूर्ण असोत की कमी, ते तुझं तू ठरव. आणि कागदावर लिहून घे, काकांशी असलं तरी: ॲनिमॅटिक लॉक, म्हणजे पक्कं, होईपर्यंत बदलाच्या दोन फेऱ्या, त्यानंतरच्या बदलाचे वेगळे पैसे. लाजू नकोस, व्यापारी माणसाला हे लगेच कळतं.

तुझ्या मेलमध्ये एक वाक्य होतं, की मागच्या आठवड्यापासून रंग भरायला घेतलेत. ते आजच थांबव. काका पुन्हा बघेपर्यंत पेन्सिलच राहू दे.